विषय: रूफ रेक कोणाकडे आहे??? (अर्जंट)

स्नेहल, श्रूजबरी (मॅसॅच्युसेट्स)
गुरुवार, पहाटे ५:५०

मंडळी, आपल्या मराठी मंडळाची रूफ रेक (छपरावरचा बर्फ खाली ओढायची लांब काठीची रेक) सध्या कोणाकडे आहे? मागच्या मार्चमध्ये शिरीषदादांकडे होती एवढं आठवतंय. बैठकीच्या खोलीत खिडकीच्या चौकटीतून रात्रभर पाणी ठिबकतंय, पातेली लावून बसलोय. उत्तरेच्या वळचणीला वीतभर जाड बर्फाचा बांध झालाय, गटर (वळचणीची पन्हळ) तर दिसतच नाही. काल तीन दुकानं पालथी घातली, रेक कुठेच शिल्लक नाही. हर्षद शिडी लावून हातोडीने बांध फोडायला निघाला होता. थांबवलंय, पण दुपारपर्यंत थांबेल असं वाटत नाही.

---

शिरीष
गुरुवार, सकाळी ६:३५

माझ्याकडे नाही. एप्रिलमध्येच मिलिंदकडे पोचवली, तशी मेलही टाकली होती. दर हिवाळ्यात "शिरीषकडे होती" हे कुठून सुरू होतं कळत नाही.

हर्षदला सांग, हातोडीने बर्फाआधी शिंगल (छपरावरच्या चकत्या) फुटतात. आणि वरचं ड्रायवॉल (छताचा प्लास्टरचा तक्ता) फुगलं असेल तर फुगवट्याच्या मधोमध स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा, खाली बादली ठेवा. पाणी साठत राहिलं तर अख्खा तुकडा खाली येतो. आमच्याकडे आला होता, थेट सोफ्यावर.

---

विद्याधर, ॲक्टन
गुरुवार, सकाळी ७:१०

स्नेहल, घाबरू नकोस. २०१५ च्या फेब्रुवारीत बॉस्टनला एका महिन्यात ६४.८ इंच बर्फ पडला, अख्ख्या मोसमात ११०.६. आज या लिस्टवर आहेत त्यातले निम्मे तेव्हा इथे नव्हतेच. आमच्या चारही वळचणींना बांध होते. मी हिच्या जुन्या पँटीहोजमध्ये (पायांच्या लांब मोज्यांत) कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे बर्फ वितळवणारा क्षार, भरलं, गाठ मारली आणि ती सापासारखी बांधावर आडवी नव्हे, उभी टाकली. म्हणजे एक टोक छपराकडे आणि एक गटराच्या बाहेर. मिठाने हळूहळू चर पडला आणि मागे तुंबलेलं पाणी तिसऱ्या दिवशी खाली आलं. समोरची अमेरिकन आजी आठवडाभर आमच्या छपरावर लोंबणारे पाय बघत होती.

बाकी, देवरुखला आमचे वडील मे महिन्यातच कौलं शाकारून घ्यायचे. पाऊस लागल्यावर छपरावर कोणी चढत नसे. इथे मात्र सगळ्यांना जानेवारीत छप्पर आठवतं.

---

मेधा
गुरुवार, सकाळी ७:४८

> मिठाने हळूहळू चर पडला

काका, "मीठ" लिहू नका हो, कोणीतरी ड्राइव्हवेवरचं रॉक सॉल्ट नेऊन टाकेल. आम्ही टाकलं होतं. गटराचे खिळे गंजले, खालची हायड्रेंजिया मेली, आणि बर्फ जागच्या जागी. १५ फॅरनहाइटच्या खाली पारा गेला की रॉक सॉल्ट जवळजवळ काहीच करत नाही. कॅल्शियम क्लोराइडचंही पाणी झाडांवर पडू देऊ नये.

---

विद्याधर, ॲक्टन
गुरुवार, सकाळी ७:५५

मेधाताई, मी कॅल्शियम क्लोराइड असंच लिहिलं आहे. कृपया पूर्ण मेल वाचावी.

---

सुनीता (लिस्ट मॉडरेटर)
गुरुवार, सकाळी ८:२०

नमस्कार. ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. घरदुरुस्तीच्या गप्पांसाठी व्हॉट्सॲपवर वेगळा ग्रुप केलेला आहे. शनिवारच्या संक्रांतीसाठी अजून २३ कुटुंबांनी आकडा कळवलेला नाही आणि लाडू मोजून वळायचे आहेत. वाणाच्या पिशव्या शुक्रवारी रात्री आमच्याकडे भरणार आहोत, मदतीला तीन जणी हव्यात.

ता. क. स्नेहल, रग्ज वाळवायला पंखा हवा असेल तर आमचा बॉक्स फॅन घेऊन जा.

---

शिरीष
गुरुवार, सकाळी ८:२६

रेक मंडळाच्या पैशांतून घेतलेली आहे, तेव्हा विषय मंडळाचाच झाला. एवढंच.

---

मिलिंद, वेस्टबरो
गुरुवार, सकाळी ९:०५

रेक माझ्याकडून ऑगस्टमध्ये मंदार घेऊन गेला. हो, ऑगस्टमध्ये. का, ते त्याला विचारा.

स्नेहल, सुनीताताईंचा पंखा आत्ता जाऊन आण, पण रग्जसाठी नको. जिथे ठिबकतंय त्याच्या वर ॲटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) जा आणि पंख्याने तिथली थंड हवा छपराच्या आतल्या बाजूवर, गळतंय त्या जागी मार. बाहेर १२ डिग्री फॅरनहाइट आहे, झिरपणारं पाणी तिथेच गोठेल आणि ठिबकणं थांबेल. तात्पुरता उपाय आहे, पण आजची रात्र निभावेल. चालताना पाय फक्त तुळयांवर. इन्सुलेशनवर दिलास तर खाली बैठकीच्या खोलीत उतरशील.

आता खरी गोष्ट, कारण दर वर्षी हीच मेल फिरते. आढ्याचं पाणी वळचणीला जातं म्हणतात ना, ते इथे वळचणीला अडतं आणि उलटं वर चढतं. घरातली ऊब ॲटिकमध्ये जाते, छपराचा वरचा भाग गरम होतो, तिथला बर्फ खालून वितळतो. ते पाणी खाली येतं तर वळचणीखाली घर नाही, ती जागा बाहेरच्याइतकीच गार. तिथे गोठतं, थरावर थर चढतो आणि मागे तळं साचतं. शिंगल उतारावरून वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी असतात, तुंबलेल्या पाण्यासाठी नव्हे. म्हणून ते शिंगलखालून आत येतं. थोडक्यात, बर्फ वर पडतो पण चूक खाली असते. घरासमोर उभी राहून बघ: शेजारच्यांच्या छपरावर बर्फ जाड आणि सारखा असेल, तुझ्या आढ्याजवळ पातळ झाला असेल.

ऊब जाते कुठून? नुसतं इन्सुलेशन कमी म्हणून नव्हे. हवा भोकांतून जाते. तुमच्याकडे बैठकीच्या खोलीत ते छतात बसवलेले गोल रिसेस्ड दिवे आहेत (गणपतीला मोजले होते, आठ), शिवाय ॲटिकचं झाकण, प्लंबिंगचे पाइप, चिमणीच्या भोवतीची फट. आधी ही भोकं बुजवायची, चिमणीभोवती पत्रा आणि आगीला टिकणारं कॉक (फटी बुजवायची लांबी) वापरून. मग वर सेल्युलोज (कागदाच्या चुऱ्याचं इन्सुलेशन), साधारण १४ इंच, म्हणजे ऊब अडवण्याच्या मापात आर-४९ च्या आसपास. आणि सॉफिटच्या (वळचणीच्या खालच्या बाजूच्या) जाळ्या त्याखाली गाडू नका. तिथे हवेची वाट मोकळी ठेवणारे बॅफल लावले की खालून थंड हवा शिरते आणि आढ्याच्या व्हेंटमधून बाहेर पडते, छप्पर गार राहतं. आमच्या पहिल्या कंत्राटदाराने सेल्युलोज थेट सॉफिटवर ओतलं. पुढच्या हिवाळ्यात बांध दुप्पट. त्याचे पैसे मी दिले होते, हे लिहायला अजूनही जड जातं.

मास सेव्हचं (मॅसॅच्युसेट्सच्या वीज-गॅस कंपन्यांची ऊर्जाबचत योजना) घराचं ऑडिट, म्हणजे ऊब कुठून जाते याची तपासणी, फुकट असतं. पण श्रूजबरीची वीज गावाची आहे, त्यामुळे ते थेट लागू होत नाही. गॅसवर हीटिंग असेल तर गॅसच्या कंपनीमार्फत मिळतं का बघ, आणि गावाच्या वीजखात्यालाही फोन कर.

---

अनिरुद्ध
गुरुवार, सकाळी ९:४०

> ॲटिकमध्ये जा

आमच्याकडे कॅथीड्रल सीलिंग आहे, छत थेट छपराला लागून, ॲटिकच नाही. मग आम्ही काय करायचं? वळचणीला हीट केबल (विजेवर तापणारी तार) लावली तर चालेल का?

---

मेधा
गुरुवार, सकाळी १०:०२

बाथरूमचा पंखा विसरलात मिलिंद. आमच्या घराच्या आधीच्या मालकाने त्याचा पाइप नुसता ॲटिकमध्ये सोडला होता. दोघांच्या अंघोळीची वाफ रोज वर जायची आणि खिळ्यांच्या टोकांवर दवाचे गोळे व्हायचे. तो छपरातून बाहेर काढला तेव्हा कुठे फरक पडला.

---

मिलिंद, वेस्टबरो
गुरुवार, सकाळी १०:३०

मेधा, बरोबर, राहिलंच.

अनिरुद्ध, केबल बांधात पाण्याला वाट करून देते, बांध होणं थांबवत नाही, आणि वीज खाते. तुझ्या छपराला खरा उपाय नवीन शिंगल घालताना, वरून इन्सुलेशनचा थर देऊन. तेव्हा वळचणीला आइस अँड वॉटर शील्डही (शिंगलखालचा पाणी अडवणारा चिकट थर) नीट वरपर्यंत घालून घे, बाहेरच्या भिंतीच्या आत किमान २ फूट. तोवर रेक.

---

विद्याधर, ॲक्टन
गुरुवार, सकाळी १०:४१

बांध वाफेने वितळवून काढणाऱ्या वाफेवाल्याचं कोणीच नाव काढलं नाही. तासाला काही शे डॉलर घेतो, पण शिंगल शाबूत राहतात. प्रेशर वॉशर घेऊन येणाऱ्याला दारात उभं करू नका, शिंगलवरची खडी उडवून जातो. आणि इन्शुरन्सने आम्हाला आतल्या भिंतीचे पैसे दिले, बर्फ काढल्याचे नाही. फोटो आत्ताच काढून ठेव.

---

मंदार
गुरुवार, सकाळी ११:१५

सॉरी सॉरी, मीटिंगमध्ये होतो. रेक माझ्या गॅरेजमध्ये आहे, पण अर्धवट. पातं आणि खालच्या दोन काठ्या आहेत. वरची काठी गणपतीच्या मिरवणुकीत ध्वजाला लावली होती, ॲल्युमिनियमची हलकी आणि लांब म्हणून. ती नंतर डेकोरेशनच्या खोक्यात गेली. म्हणजे सुनीताताईंच्या बेसमेंटमध्ये.

---

सुनीता (लिस्ट मॉडरेटर)
गुरुवार, सकाळी ११:३२

माझ्या बेसमेंटमध्ये मंडळाची अकरा खोकी आहेत, तीही मी कोणाला न सांगता ठेवून घेतली आहेत. काठी सापडली, मखराच्या खाली. स्नेहल पंखा न्यायला येतेच आहे, सोबत नेईल.

वाणाच्या पिशव्यांसाठी अजून एकच नाव आलं आहे.

---

मिलिंद, वेस्टबरो
गुरुवार, सकाळी ११:३८

रेक जमिनीवरून चालवा, शिडीवरून नको. वीज येते ती तार बघा, काठी ॲल्युमिनियमची आहे. खालचे तीन-चार फूट साफ केले की पुरे. शिंगलपर्यंत खरवडू नका, इंचभर बर्फ राहू दे.

---

स्नेहल, श्रूजबरी
गुरुवार, रात्री ९:२०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पंख्याने तासाभरात ठिबकणं थांबलं. मंदारकडून बाकीची रेक आणली, उत्तरेची बाजू चार फूट मोकळी केली. बांध अजून आहे, त्यावर काकांचे "पाय" टाकलेत, चार नग. मिलिंदने आठ म्हटलेले दिवे मोजले तर नऊ निघाले. ॲटिकमध्ये टॉर्चने बघितलं तर झाकणाच्या कडेला सेल्युलोज काळं पडलंय. हवा तिथूनच जाते वाटतं. ऑडिटचा फोन उद्या. काठीला अजून भगवा टेप आहे, काढलेला नाही.

सुनीताताई, पिशव्या भरायला मी येते. रेक शनिवारी हॉलवर आणू की आधी कोणाला हवी आहे?

---

अनिरुद्ध
गुरुवार, रात्री ९:२३

मला.