फळमाशी, चिलट आणि आमच्या कराचे पैसे

चिलटवाला:
काल 'कलमबाग' यांनी पोस्ट टाकली आणि तिच्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार: "पुण्या-मुंबईत, बंगळुरात गार खोल्यांमध्ये बसून आमच्या पैशाने फळमाशीवर संशोधन चाललंय, आणि इथे माझा हापूस कापला की आत अळ्या वळवळतात. ज्या शास्त्रज्ञाला आपल्या कामाचा उपयोग माझ्या आईला दोन वाक्यांत सांगता येत नाही, त्याचं अनुदान बंद करा."

रात्रभर गप्प बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

पहिली गोष्ट, कलमबाग, ती तुमची माशी नव्हेच. तुमचा आंबा नासवते ती बॅक्ट्रोसेरा. चांगली घरमाशीएवढी, झाडावरच्या फळाला टोचून आत अंडी घालते. प्रयोगशाळेतली ती ड्रोसोफिला, म्हणजे तुमच्या ओट्यावरच्या काळ्या पडलेल्या केळ्याभोवती घिरट्या घालतं ते चिलट. मराठीत दोघींना 'फळमाशी' म्हणून आपण मोकळे झालो.

दुसरी गोष्ट, तुमची ती दोन वाक्यं. मी सहा वर्षं या चिलटांसोबत काढली. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार मोठ्या पातेल्यात पिठल्यासारखं रटरटवायचं, बाटल्यांत ओतायचं, वर कापसाचा बोळा. सकाळी सहाला हजर, कारण नुकत्याच कोषातून निघालेल्या माद्या समागम व्हायच्या आधी, आठ तासांच्या आत, माशांना बेशुद्ध करून नरांपासून वेगळ्या करायच्या असतात. एकदा उशीर झाला की दहा दिवस पाण्यात. एके दिवशी आई आली. मी चेतापेशी, जनुकं, उत्परिवर्तन वगैरे सुरू केलं. ती ऐकत नव्हती. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून शुद्धीवर येणारं एक चिलट बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अरे, हा आधी पुढचे पाय एकमेकांवर घासतो, मग डोळे पुसतो, मग मागच्या पायांनी पंख झाडतो. हे ह्याला कोणी शिकवलं?"

माझा सहा वर्षांचा प्रश्न तोच होता! तिला तो कळला होता. उपयोग तिने विचारलाच नाही.

उपयोग सांगायची सक्ती केली की काय होतं तेही सांगतो. आमच्या एका शोधनिबंधाची बातमी मीच लिहून दिली होती. वरून सांगितलं, काहीतरी आजाराचं घाल, नाहीतर छापणार नाहीत. मी 'कंपवातावरील उपचारांना नवी दिशा' असं घातलं. चार दिवसांनी एका मुलाचा फोन. वडिलांना कंपवात आहे, औषध कुठे मिळेल, कितीही पैसे लागू देत. त्याला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. दोन वाक्यांत उपयोग मागाल तर तुम्हाला असलंच खोटं मिळेल.

कलमबाग:
वाचलं. माशी चुकली, मान्य. पण नाव आम्ही ठेवलं नाही हो. २०१७ साली पेपरात 'फळमाशीवरील संशोधनाला नोबेल' वाचलं. घरच्यांना म्हटलं, चला, सुटलो आपण. आत वाचतो तर माशी झोपते कधी आणि उठते कधी! २०१४ ला युरोपने हापूस अडवला तो याच माशीपायी (माझ्या, तुमच्या नव्हे). त्या वर्षी पेटीचा भाव काय पडला ते आम्हाला विचारा. तुमच्या आईंनी कौतुकाने बघितलं, छान झालं. माझी आई ९० कलमांखाली वाकून पडीचे आंबे गोळा करते, पुरते, वर माती लोटते. तिला माशी पाय कशी चोळते ते नकोय, माशी मरते कशी ते हवंय.

आणि बातमीत खोटं घातलं तुम्ही. त्याचं बिल आमच्यावर का फाडताय?

मास्तर_निवृत्त:
बत्तीस वर्षे नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवले, म्हणून चार शब्द. १९२७ साली मुलर यांनी याच चिलटांवर क्ष-किरण सोडले आणि जनुकांत बदल घडतात हे दाखवले. प्रश्न निव्वळ आनुवंशिकतेचा होता. किरणांनी माशा वांझही होतात हे त्यातूनच पुढे आले. अमेरिकेत गुरांच्या जखमेत अंडी घालणाऱ्या एका माशीने तेव्हा उच्छाद मांडला होता. शेतीखात्याच्या कीटकशास्त्रज्ञांनी किरणांनी वांझ केलेले नर हजारोंनी सोडले. त्या माशीची मादी आयुष्यात एकदाच समागम करते, त्यामुळे वांझ नराशी गाठ पडली की संपले. १९५४ साली कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावरून ती माशी नाहीशी झाली. फवारणी न करता. कलमबाग, माशी मरते कशी याचे उत्तर कधी कधी असे आडवाटेने येते.

तिखट_शेव:
आले मास्तर, आली पोथी. दर वेळी असलीच गोष्ट. कोणीतरी काहीतरी निरुपयोगी करत होता आणि सत्तावीस वर्षांनी गुरं वाचली. लॉटरी लागलेल्याचा फोटो दुकानावर लावतात, न लागलेल्यांचा नाही लावत. ज्या हजारो बाटल्यांतून काहीच निघालं नाही त्यांची गोष्ट सांगा की एकदा.

चिलटवाला:
तिखट_शेव, एवढंच सांगतो की माझ्या सहा वर्षांतली साडेचार त्याच बाटल्यांची आहेत. लोकांना तेही सांगावं असं माझं म्हणणं आहे. ते कोणी छापत नाही.

अनुस्वार:
मूळ दुखणे कोणालाच दिसत नाही. वरच्या लेखात 'ड्रोसोफिला', 'बॅक्ट्रोसेरा', 'यीस्ट', 'अगार'. सामान्य माणसापर्यंत विज्ञान पोहोचत नाही कारण सांगणाऱ्यांना मराठीची लाज वाटते. आपल्याकडे विकर आहे, तंतुकणिका आहे, लयकारिका आहे, आंतर्द्रव्यजालिका आहे. वापरा की! 'महापौर' आणि 'दिनांक' हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसलेच असतील. आज कोण हसतं?

झेडपीची_पोर:
अनुस्वार, थांबा जरा. मी तुमच्या तंतुकणिकेची बळी आहे.

जिल्हा परिषदेची शाळा, मग गावातलंच हायस्कूल. दहावीला विज्ञानात ९४. अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात, सगळं इंग्रजीत. सर मायटोकॉन्ड्रिया मायटोकॉन्ड्रिया म्हणत होते आणि मी वहीत लिहून घेत होते की हा पेशीतला नवीन भाग दिसतोय, आपल्याला शिकवला नव्हता. तीन आठवडे!! चाचणीत आकृती आली तेव्हा कळलं की ही आपली तंतुकणिका. वर्गात रडले. सरांना विचारलं तर म्हणाले, मराठी मीडियमचं हेच असतं. आज मी स्वतः पेशींवर काम करते आणि आईला फोनवर मायटोकॉन्ड्रियाच म्हणते. तिला चालतं. तिला शुगर, बीपी, थायरॉईड कळतं, 'अवटु ग्रंथी' म्हटलं तर घाबरेल.

अनुस्वार:
म्हणजे दोष शब्दाचा की अकरावीपासून मराठी हद्दपार करणाऱ्या व्यवस्थेचा? अकरावी मराठीत असती तर तुम्ही रडला असता का?

झेडपीची_पोर:
अकरावी मराठीत असती तर एम.एस्सी.ला रडले असते.

तिखट_शेव:
एन्झाइमला विकर म्हणतात हे ऐकलं की मला वाटतं कोणाला तरी विकार झालाय. आंतर्द्रव्यजालिका तर एका श्वासात म्हणणाऱ्याला माझ्याकडून मिसळ.

अनुस्वार:
एंडोप्लाझमिक रेटिक्युलम एका श्वासात म्हणा, मिसळ माझ्याकडून. संस्कृत आलं की चेष्टा, लॅटिन आलं की मान खाली. हीच ती गुलामी.

मास्तर_निवृत्त:
दोघांनीही शांत व्हावे. मी वर्गात दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहीत असे. पंधरा सेकंद लागतात.

झेडपीची_पोर:
मास्तर, तुम्ही आमच्या शाळेत असायला हवे होतात.

अनुस्वार:
शेजारी लिहायला माझी हरकत नाही. पण पहिला मराठी.

कलमबाग:
वा! माझ्या आंब्यावरून सुरू झालं आणि आता पहिला कोण लिहायचा यावर जुंपलीय. म्हणूनच तुमचं विज्ञान आमच्याकडे पोचत नाही. खोडदला २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी बघायला पोरांच्या बसगाड्या भरून येतात, मी स्वतः बघितलंय. जीवशास्त्रवाले कधी दार उघडतात का? पुतण्याला घेऊन एकदा एका संस्थेत गेलो होतो, नाव घेत नाही. तिथल्या पोराने तासभर इंग्रजीत पडदा दाखवला. पुतण्याने विचारलं, "माशीला वास नाकाने येतो का?" तर म्हणे, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी चहा आला.

चिलटवाला:
कलमबाग, याला माझ्याकडे उत्तर नाही. असंच होतं.

पुतण्याला सांगा, मिशीवजा शिंगं असतात, त्यांनी येतो. आणि तुम्हालाही एक सांगतो, चिडू नका. तुमच्या बागेत दापोली विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा असणारच. त्यात माशांना ओढणारं मिथाईल युजेनॉल. ते आलं कुठून? बिहारमध्ये पुसाला हॉवलेट नावाचा इंग्रज कीटकशास्त्रज्ञ होता. त्याच्या शेजाऱ्याने डास येऊ नयेत म्हणून रुमालाला सिट्रोनेला तेल लावलं. डासांचं राहिलं बाजूला, फळमाशा येऊन चिकटायला लागल्या. हॉवलेटने बघितलं तर सगळे नर. का बरं? या 'का बरं'पायी तो तेलातले घटक एकेक करून तपासत गेला. १९१२ ला पहिली नोंद, १९१५ पर्यंत मिथाईल युजेनॉल हाती आलं. शंभर वर्षांनी ते तुमच्या कलमाला टांगलंय. सुरुवात एका रुमालापासून.

कलमबाग:
गोष्ट चांगली आहे. पण तुम्हीच लिहिलंय, कीटकशास्त्रज्ञ, पुसा. म्हणजे शेतीखात्याचा पगारी माणूस, शेतातली माशी, शेतातच बघितली. तुमच्या बाटलीतली नव्हे. मास्तरांचे वांझ नरही शेतीखात्यानेच सोडले. गोल माझ्या बाजूने झालाय.

तिखट_शेव:
कलमबाग १, चिलट ०.

चिलटवाला:
बरं, अर्धा गोल. त्याला पगार शेतीखात्याचा होता, पण शेजाऱ्याच्या रुमालावर माशी का बसते हे बघायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आणि वासाचंच म्हणाल तर मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) ओबेद सिद्दिकींनी बाटलीतल्या चिलटांवर वर्षानुवर्षं हेच शोधलं, माशी वास ओळखते कशी. प्रश्न एकच आहे, माशी वेगळी.

तिखट_शेव:
आता माझं रडगाणं. चिलटवाले, तुमचा तो कंपवातवाला निबंध मला वाचायचा असेल तर? परवा असाच एक उघडायला गेलो, तीस-चाळीस डॉलर मागतो. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं, म्हणजे शोधनिबंधांच्या नियतकालिकांची सरकारने भरलेली एकत्र वर्गणी, तीन वर्षांना ६,००० कोटी, २०२५ पासून सुरू. नाव 'वन नेशन', आणि मिळतं कोणाला? सरकारी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना. मी नेशनमध्ये नाही का? कर भरून एकदा संशोधन विकत घेतलं, दुसऱ्यांदा वर्गणी भरली, वाचायला तिसऱ्यांदा पैसे.

चिलटवाला:
यावर भांडण नाही. निबंधाच्या लेखकाला मेल टाका, दहातले आठ जण आनंदाने प्रत पाठवतात. कोणीतरी वाचतंय याचंच अप्रूप असतं आम्हाला.

अनुस्वार:
आणि प्रत इंग्रजीत.

तिखट_शेव:
अनुस्वार, झोपा.

कलमबाग:
दोन दिवस बागेत होतो, फळ उतरवणं चालू आहे. काल सांजचं सापळे साफ करायला घेतले. वीस वर्षं लावतोय. दरवर्षी डबा उलटा करतो, मेलेल्या माशा झटकतो, नवा बोळा घालतो. काल पुतण्या म्हणाला, काका, थांबा, नर की मादी बघू. तुमची ती रुमालाची गोष्ट मीच त्याला सांगितली होती, चूक माझी. भिंग आणलं. मादीला मागे टोकदार नळी असते म्हणे, फळाला टोचायची. एका डब्यात दोनशेच्या वर माशा मोजल्या. एकीलाही नळी नाही, सगळे नर.

मग फळाला टोचणाऱ्या बाया राहिल्या कुठे? आणि हे नर त्या वासावर येतात कशाला? तिथे मादी तर नाहीच. खायला काही आहे का? पुतण्या डोकं खातोय. तुमच्या गारव्यातल्या कोणाला माहीत असेल तर सांगा. उपयोग विचारत नाहीये.

चिलटवाला:
!!!

खायलाच येतात. नर ते मिथाईल युजेनॉल खातो आणि अंगात मुरवून त्यापासून मादीला बोलावायचा फेरोमोन बनवतो. ज्याने खाल्लंय त्याच्याकडे माद्या जास्त जातात. म्हणजे तुमचा सापळा म्हणजे लग्नाआधीचं अत्तराचं दुकान. माद्या सापळ्याकडे फिरकत नाहीत, त्या फळावरच असतात. म्हणून तर नर इतके मारावे लागतात की माद्यांना जोडीदारच उरू नये. एखाद-दुसऱ्या सापळ्याने भागत नाही, शेजारच्या बागांतही लागतात.

कलमबाग:
शेजारचा लावत नाही. म्हणतो तुझ्या सापळ्यात येतात ना, मग बास. आता त्याला अत्तराचं दुकान सांगतो.

अनुस्वार:
'फेरोमोन' नव्हे. कामगंध.

कलमबाग:
कामगंध आम्ही कधीपासून म्हणतो. कृषी केंद्रात जाऊन बघा, बोर्डावर लिहिलंय.