तिकीट काढलं म्हणून कचरा उचलायचा नाही?

ग्रुप : आपला वाडा (दर्यापूर)

सोमवार

रेखा वहिनी, रात्री ९:१४
सगळ्याईले नमस्कार. काल गाडीत लेकरं होते म्हणून मी चूप बसली, पण आज दिवसभर डोक्यातून जाऊन नाही राहिलं म्हणून लिहून राहिली. परीनं काल वॉटर पार्कमध्ये कचरा उचलला तं तिच्यावर सगळ्याईसमोर एवढं वरडायचं काही काम नव्हतं. रात्री जेवली नाही ती. नऊ वर्षाची पोरगी हाये, मले विचारते आई मी काय चूक केली. काय सांगू मी तिले?

मीना आत्या अकोट, ९:१६
काय झालं व रेखा? मी तं कपड्याच्या लॉकरजवळ होती, मले काहीच माहीत नाही

गजू, ९:१७
क्रुझरचं डिझेल अन् टोल मिळून माणशी ३५० निघाले. चारच जणाईचे आले आतापर्यंत. बाकीच्याईनं पाठवा बाप्पा

बंडू काका, ९:२१
मी वरडलो. मीच वरडलो, लपवत नाही. आपण तिकीट काढून गेलतो, फुकट नाही गेलतो. तिकिटात सफाईचे पैसे लागले असतात. त्यासाठी माणसं ठेवले असतात त्याईनं. आपली पोरगी लोकाईच्या उष्ट्या पन्न्या उचलून राहिली अन् लोकं उभे राहून पाहून राहिले. मले नाही चांगलं वाटलं

रेखा वहिनी, ९:३३
काकाजी तुमचा मान ठेवूनच लिहून राहिली. पण तुम्ही शेवटचं पाह्यलं, मी सुरुवातीपासून पाह्यलं. लहान्या लेकराईच्या पाण्याच्या टाक्याजवळ फरशी ओली होती, त्याच्यावर ज्यूसच्या नळीवरचे ते पातळ कागद चिकटून होते. ते बोटानं निघत नाहीत, नखानं टोक उचलावं लागते. ही उकिडवी बसून एकएक काढे अन् आपल्याच चिप्सच्या रिकाम्या पाकिटात भरे. कोणी सांगतलं नव्हतं तिले. एक लहानं लेकरू त्या कागदावरून घसरून पडलं, ते पाहून सुरू केलं तिनं. २३ काढले, मोजले होते. मले दाखवायले पळत आली अन् मधातच तुम्ही भेटले तिले

बंडू काका, ९:३५
लेकरू पडलं हे मले माहीत नव्हतं

बंडू काका, ९:३५
पण तिकिटात सफाईचे पैसे असतातच नं

पवन पुणे, ९:४१
काका, पैसे असतात हे खरंच आहे, पण पैसे असूनही पुरत नाही हा मुद्दा आहे. डिस्नेलँड १९५५ ला अमेरिकेत अनाहाइमला सुरू झालं तेव्हापासून स्वच्छता हीच त्यांची ओळख. स्वतः वॉल्ट डिस्ने पार्कात फिरताना खाली पडलेला कागद उचलायचे, मालक असून. तिथे आजही नियम असा की नोकरी कोणतीही असो, समोर कचरा दिसला की उचलायचा. साधारण ३० फुटांवर एक डबा. च्युइंगम तर पार्कात विकायलाच ठेवत नाहीत, कारण ते फरशीवरून निघता निघत नाही. आणि ते पाहून येणारे लोकही आपोआप उचलायला लागतात. स्वच्छ जागी कागद टाकायला हात जड होतो, घाण जागी कोणी विचारच करत नाही

गजू, ९:४२
च्युइंगमचं जाऊ दे पवन, तिथं तंबाखू-सुपारीचा खर्रा भेटते का ते सांग

मीना आत्या अकोट, ९:४३
गजू तू डिझेलचे पैसे मोज

सीमा काकू, ९:५०
खर्र्यावरून आठवलं म्हणून सांगते. परीच्या त्या चिप्सच्या पाकिटात दोन खर्र्याच्या पन्न्या होत्या. मी पाह्यलं. आता त्या कोणाच्या होत्या हे मी ग्रुपवर लिहीत नाही

गजू, ९:५०
लिहून तं देल्लं काकू

बंडू काका, ९:५२
हे घरातलं घरात बोलायचं असते सीमा

सीमा काकू, ९:५४
परीले घरातलं घरात कुठं बोलले तुम्ही

जवाईबापू अचलपूर, १०:०५
नमस्कार. माझं मत विचारलं नाही तरी मांडतो. काकाजींचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. मुलांनी दुसऱ्याचा कचरा उचलायचा आणि टाकणाऱ्याला कोणी काही बोलायचं नाही, यानं टाकणाऱ्याचं फावतं. पार्कवाल्यांनी टाकणाऱ्याकडून दंड घ्यावा. राग आला असल्यास क्षमस्व.

मीना आत्या अकोट, १०:०७
जवाईबापू खरं सांगू का, काल तुमच्याच कुटुंबानं बाकड्याखाली संत्र्याचे सालं टाकले होते

जवाईबापू अचलपूर, १०:०९
संत्र्याची साल सडते ताई. खत होते. तो कचरा नाही.

मीना आत्या अकोट, १०:१०
सडते तं वावरात. सिमेंटच्या फरशीवर काय खत होईन, माशा होतात. वरून पाय पडला की माणूस आडवा

जवाईबापू अचलपूर, १०:१२
बरं, सालीचं मान्य.

प्राजू, १०:२०
मी दवाखान्यात ड्युटीवर आहे, थोडक्यात लिहिते. परीचं कौतुकच आहे पण वहिनी एक गोष्ट तिला नक्की समजावून सांग. लेकरांनी कागद, नळ्या, पाकीट, बाटलीचं झाकण एवढंच उचलायचं. फुटलेली काच, बाळाचं डायपर, वापरलेला टिश्यू, बँडेज याला हात लावायचा नाही, तिथल्या माणसाला बोलावून जागा दाखवायची. झोपाळे, पाळणे, घसरगुंडीच्या कुंपणाच्या आत काहीही पडलेलं असो, आत शिरायचं नाही, चालू पाळण्याखाली तर अजिबातच नाही. आणि नंतर साबणानं हात. तिथले लोक उगाच लांब दांड्याचा झाडू आणि सुपली घेऊन फिरत नाहीत, दिवसभर वाकावं लागू नये आणि हाताला काही लागू नये म्हणून असते ते

रेखा वहिनी, १०:२४
हे बरं सांगतलं प्राजू. हात धुतले होते तिनं पण डायपरचं मले सुचलं नव्हतं

मंगळवार

सुमन मोठीआई, सकाळी ६:०२
[फोटो : शुभ सकाळ, मंगलमय मंगळवार]

बंडू काका, ६:४०
रात्रभर विचार केला. माझा एकच प्रश्न हाये, कोणी उत्तर देल्लं नाही. तिकिटात सफाईचे पैसे लागले असतात का नाही? अन् आपण फुकटात उचललं तं ज्या बाईले त्या कामावर ठेवलं तिचं काम नाही का जाणार? ती गरीब हाये. तिच्या पोटावर पाय नाही का हा?

रेखा वहिनी, ७:१५
काकाजी याचं उत्तर माझ्यापाशी हाये कारण त्या मावशीशी मी बोलली. ठेकेदाराकडं हायेत त्या. तुम्ही परीले वरडून निघून गेले तेव्हा ती रडत होती अन् त्या मावशी आल्या. त्याईनं हातातला रबरी मोजा काढला, पदरानं परीचं तोंड पुसलं. म्हणे बाई माझ्याकडं पाच संडास, दोन चेंजिंग रूम अन् हा सगळा पट्टा हाये, रविवारी एका बाजूनं झाडत जावं तं मागून पुन्हा तेवढंच. पाणी जायच्या जाळीत कागद अडकले की पाणी तुंबते अन् सायेब मलेच बोलते, त्या जाळीत हात घालून काढावं लागते. तुमच्या पोरीनं आज माझं तेवढं वाकणं वाचवलं. तिच्या पोटावर पाय नाही पडला काकाजी, तिच्या कमरेवरचा भार कमी झाला. तिचं काम संपतच नसते तं जाईन कसं?

प्राजू, ७:१८
हे वाचून डोळ्यात पाणी आलं वहिनी

पवन पुणे, ८:३०
आणखी एक. फुटबॉल वर्ल्डकपमध्ये जपानचे लोक मॅच संपली की स्टेडियम साफ करून जातात, १९९८ ला फ्रान्समध्ये त्यांची टीम पहिल्यांदा वर्ल्डकप खेळली तेव्हापासून. निळ्या पिशव्या आणतात, मॅच चालू असताना त्याच हलवून टीमला ओरडून जोश द्यायचा आणि नंतर त्याच पिशव्यांत कचरा भरायचा. २०२२ ला कतारमध्ये पहिली मॅच कतार आणि इक्वेडोरची होती, जपानचा काही संबंध नाही, तरी हे लोक थांबून साफ करत होते. कारण विचारलं तर शाळा. तिथे वर्ग, व्हरांडा पोरंच झाडतात. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये तर, १९८३ ला सुरू झालं ते, झाडणारे कर्मचारी ओल्या झाडूनं फरशीवर पाण्याची चित्रं काढतात आणि लेकरं भोवती गोळा होतात. झाडणाऱ्या माणसाकडे लोक कौतुकानं बघतात तिथं

बंडू काका, ८:३४
जपान राहू दे तू. जपानात मी गेलो नाही अन् जाणार नाही

गजू, ८:३५
जपानले जायचं तं डिझेलचे ३५० आधी क्लिअर करा. सात जण बाकी

मोठेबाबा, ९:१०
सर्वांस आशीर्वाद. जपानला कशाला जायचे. गाडगेबाबा आपल्या शेजारच्या अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचे, जन्म २३ फेब्रुवारी १८७६. लहानपण मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे गुरं राखण्यात गेले. बाबा गावात आले की आधी खराटा हातात, रस्ते, नाल्या झाडायच्या, आणि रात्री कीर्तन. ते गाव त्यांचे नव्हते. तिथला कचरा त्यांनी केलेला नव्हता. पाहुणेच होते ते त्या गावात. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर देह ठेवला. माझे वडील दुसऱ्या दिवशी पायी अमरावतीला गेले होते, हे बंडूलाही माहीत आहे. आपल्या गावात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान आले तेव्हा शाळेच्या पोरांसोबत पहिला खराटा बंडूने धरला होता. मी मुख्याध्यापक होतो, मला चांगले आठवते.

मीना आत्या अकोट, ९:१४
हाव, मारुतीच्या पारापासून नाल्यापर्यंत. भाऊ तेव्हा मिशा ठेवत होता

बंडू काका, ९:३०
ते गाव होतं आपलं. देवळाचं वेगळं, गावाचं वेगळं. हा धंदा हाये. माणशी पैसे घेते मालक. मी फुकट हमाली काहून करू त्याची? माझा मुद्दा तोच हाये, तिकिटात सफाईचे पैसे लागले असतात

जवाईबापू अचलपूर, ९:३३
यात तथ्य आहे. पार्कवाल्यांनी डबे वाढवावेत, पिण्याच्या पाण्याजवळ एकही नव्हता. मी त्यांना ईमेल लिहितो.

मीना आत्या अकोट, ९:३५
लिहा लिहा. सालीचंही लिहा त्यात

रेखा वहिनी, ९:५८
काकाजी हे शेवटचं लिहिते, मग नाही बोलणार. तुम्ही दरवर्षी शेगावले सेवेले जाता. पांढरे कपडे, टोपी. सेवेचा नंबर लागला की सोयाबीनची कापणीही मागं ठेवून जाता. मागच्या वर्षी परीले सोबत घेऊन गेलते दर्शनाले. तिथं महाप्रसादाच्या बाहेर एका माणसानं द्रोण टाकला होता, तुम्ही रांगेतून निघून तो उचलला अन् डब्यात टाकला. तुमची सेवा नव्हती त्या दिवशी, तुम्ही साधे कपडे घालून होते. परीनं विचारलं काकाआबा तुम्ही काहून उचलला, तं तुम्ही म्हणले दिसला म्हणून. हे तिनं मले घरी येऊन सांगतलं होतं. काल रात्री तिनं मले तेच म्हटलं. आई मले दिसला म्हणून मी उचलला, काकाआबा पण उचलतात नं.
तिले देऊळ अन् धंदा समजत नाही काकाजी. तिनं तुमचं पाहूनच केलं

सीमा काकू, १०:०१
खरं हाये हे

गजू, १०:०४
चार अजून बाकी. नावं टाकू का आता?

सुमन मोठीआई, १०:१५
पोरीले वरडायचं नव्हतं बंडू. लेकरू मन लावून करून राहिलं तं करू द्याचं. शेगावचं आनंद सागर उद्यान नवीन झालं तेव्हा २००१-०२ मधी आपण सारे गेलतो. त्या झुकझुक गाडीत बसलो तं माझ्या हातात कचोरीचा कागद होता, तो टाकायची मले लाज वाटली म्हणून घरापर्यंत आणला. केवढी मोठी जागा ती, २०० एकराच्या आसपास असन, पण एक चिटोरं नाही दिसलं

(दुपारभर कोणी काही लिहिलं नाही. फक्त गजूनं तीन वेळा क्यूआर कोड टाकला.)

बंडू काका, संध्याकाळी ७:४८
परीले फोन लावला होता. बोलली. आधी नाही बोलत होती मग बोलली. मी तिले म्हणलो मले माहीत नव्हतं ते लेकरू पडलं म्हणून. ती म्हणते आबा तुम्ही विचारलंच नाही. बरोबर हाये तिचं, मी विचारलं नाही

बंडू काका, ७:५१
माझं मत अजूनही तेच हाये का मालकानं माणसं वाढवावं अन् डबे वाढवावं. पैसे घेते तं करावं लागन त्याले. पण खर्र्याच्या पन्न्या माझ्या होत्या. त्या आता खिशात राहतीन. बाकीच्याचं मले सांगू नका

रेखा वहिनी, ७:५५
बस काकाजी, एवढंच. परी जेवून राहिली आता

मीना आत्या अकोट, ७:५७
खर्रा सोडला असता तं पन्नीच नसती

बंडू काका, ७:५८
मीना

प्राजू, ८:०३
पुढच्या वेळी मी दवाखान्यातून जाड मोजे आणते लेकरांच्या मापाचे, विकत. एक लांब चिमटा पण मिळाला तर बरं

मोठेबाबा, ८:१०
चिमटा आपल्या चुलीजवळ आहे, भाकरीचा. तो नेऊ नये. लोहाराकडून नवा करून घ्यावा. पैसे मी देतो.

गजू, ८:११
मोठेबाबा तुमचे ३५० पण बाकी हायेत