चार बटणं म्हणजे प्रमाणशीर पद्धत नव्हे

वर एकांनी लिहिलंय की महापालिकेत एका प्रभागात चार-चार नगरसेवक असतात, म्हणजे आपलीही युरोपसारखी प्रमाणशीर पद्धतच (पक्षाला जितकी टक्के मतं, साधारण तितक्या टक्के जागा) झाली, आणि म्हणून तिथे बायका जास्त दिसतात. गल्लत होतेय. आपण चार बटणं दाबतो हे खरं, पण अ, ब, क, ड या चार वेगळ्या लढती असतात. प्रत्येकीत ज्याला जास्त मतं तो निवडून. सोलापुरात 2017 ला 102 पैकी 51 जागा महिलांच्या होत्या त्या आरक्षणामुळे, चौघांच्या पॅनलमुळे नव्हे.

पद्धतीचा फरक बघायचा तर न्यूझीलंड बघा. 1993 ला जुन्या पद्धतीने 99 पैकी 21 बायका आल्या. 1996 ला प्रमाणशीर पद्धत आली, पक्षाच्या यादीलाही मत द्यायची सोय झाली आणि 120 पैकी 35. यादीत सगळे पुरुषच भरले तर पक्षाची शोभा होते. एकच तिकीट असलं की मात्र ‘निवडून येणारा’ शोधतात, आणि तो बहुधा कुणाचातरी भाऊ असतो.

सोलापूरच्या पूर्व भागात एका निवडणुकीत आमच्या दारात प्रचाराचं पत्रक आलं होतं. मराठी आणि तेलुगू दोन्हीत. उमेदवार ताईंचा फोटो पासपोर्टएवढा, शेजारी यजमानांचा हात जोडलेला अर्धं पान! मोबाईल नंबरही त्यांचाच. ताई मात्र विडी कामगारांच्या मीटरभाड्यावर प्रभाग समितीत चांगल्या भांडायच्या. पुढच्या वेळी वॉर्डातलं महिला आरक्षण जाऊन जागा खुली झाली आणि तिकीट गेलं यजमानांना.