मदत हवी आहे: पेनड्राइव्हवरून बूट होतो, पण एसएसडीच दिसत नाही

राजेहो, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या बचत गटाचा लॅपटॉप अडकला आहे. विंडोज ११, अकराव्या पिढीचा आय३, ५१२ जीबी एसएसडी (आतली डिस्क). अपडेट चालू असताना बंद पडला, तेव्हापासून ऑटोमॅटिक रिपेअरमध्येच फिरतो.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवला. बूट नीट होतो, पण विंडोज कुठे टाकायचं विचारतो त्या पानावर यादी कोरी. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एसएसडीचं नाव दिसतं, म्हणजे ती मेलेली नसावी. स्टार्टअप रिपेअर केलं, यूएसबी पोर्ट बदलला, फरक नाही. बिटलॉकरची (डिस्कच्या कुलुपाची) ४८ अंकी की हाताशी आहे.

डी ड्राइव्हमध्ये बायांच्या कर्जहप्त्यांचा सगळा हिशेब आहे, तो जाता कामा नये. म्हणून रिसेट, फॉरमॅट नको. नेट मोबाइलचंच, आणि सोयाबीन काढणीत यवतमाळला नेणं जमत नाही.

बायोसमध्ये व्हीएमडी (एसएसडी इंटेलच्या ड्रायव्हरमार्फत चालवणारी सेटिंग) चालू दिसतं. ते बंद करू, की इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर (अशी एसएसडी ओळखायला लागतो तो) पेनड्राइव्हवर टाकून 'लोड ड्रायव्हर'ने देऊ? डीला धक्का कशात लागणार नाही? आणि ड्रायव्हर एक्झी फाइलमध्ये मिळतो, त्यातून 'लोड ड्रायव्हर'ला लागणारी आयएनएफ फाइल बाहेर कशी काढायची?