आधी नाक वर, मग बाकीचं
पोर्शे 911 वर सिरॅमिक ब्रेक घ्यावेत की फ्रंट अ‍ॅक्सल लिफ्ट (गाडीचा पुढचा भाग, म्हणजे नाक, वर उचलणारी सोय), दोन्ही एकदम बजेटात बसत नाहीत, असं म्हणताय. ठाण्यात राहताय ना? मग डोळे झाकून लिफ्ट. बटण दाबलं की नाक सुमारे 40 मिमी वर येतं. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधले स्पीडब्रेकर आणि पोडियम पार्किंगचा चढ बघता एवढं हवंच. नंतर बसवून घेणं म्हणजे डोक्याला ताप. सिरॅमिक ब्रेकचं चीज ट्रॅकवर, सलग जोरात ब्रेक मारताना होतं. पाम बीच रोडच्या सिग्नलला नाही. गाडी तयार आयात होते, म्हणजे ऑप्शनवरही कस्टम ड्युटी चढते. कार्बन फायबरच्या सजावटीच्या पट्ट्या तर सोडाच. उरलेल्या पैशांत सीट चांगल्या घ्या. (पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक फिल्म, मात्र इथेच बाहेरून करा.)