नास्तिकांच्या प्रश्नांनी ख्रिस्ती धर्माला खरंच धोका पोहोचतो का?

कातळ (धागाकर्ता)
मार्च २०१२. मुंबईत विलेपार्ल्याजवळ इर्ल्याच्या वेलंकणी मातेच्या चर्चमध्ये क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी झिरपू लागलं आणि भाविक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. एका वाहिनीने बोलावल्यावरून विवेकवादी सनल इदमरुकू तिथे गेले. तुंबलेल्या सांडपाण्याच्या निचऱ्यातून केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून आपोआप, पाणी भिंतीत चढतंय, असं त्यांनी सांगितलं. पुढे वाहिनीवरच्या चर्चेत, चर्च पैशासाठी चमत्कार पिकवतं असा आरोपही केला. काही कॅथलिक संघटनांनी धर्मभावना दुखावल्याच्या कलम २९५-अ खाली तक्रारी केल्या आणि ते त्याच वर्षी फिनलंडला निघून गेले.
माझं म्हणणं सरळ आहे. गटाराबद्दलच्या प्रश्नाने धर्म बुडत नाही. बुडतो असं ज्यांना वाटतं त्यांचाच विश्वास कच्चा. मतं येऊ द्यात.

वसईचा वारा
असहमत. म्हणजे निष्कर्षाशी नाही, मांडणीशी. इर्ल्यात दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आणि तुम्ही त्यांची मोट बांधलीत. पाणी कुठून येतं हा प्रश्न, आणि चर्च पैशासाठी फसवतं हा आरोप. धर्मप्रांताने तो चमत्कार असल्याचं जाहीर केलेलंच नव्हतं. राग आला तो आरोपाचा. पोलिसांत जाणं मलाही पटलं नाही, पण "प्रश्न विचारला म्हणून पळावं लागलं" हे अर्धसत्य आहे.

ओलावा
थोडं पाण्याबद्दल, कारण ते कुणीच नीट बोलत नाही. नुसत्या केशाकर्षणाने पाणी चढतं, पण टपकत नाही. ०.१ मिमी त्रिज्येच्या नळीत पाणी साधारण १५ सेंमी चढतं, ०.०१ मिमीच्या छिद्रात दीड मीटर. पण वर पोचल्यावर ते तिथेच धरून राहतं. ज्या बलाने चढवलं तेच त्याला सोडत नाही. थेंब पडायला बाहेरचं टोक साठ्याच्या पातळीखाली लागतं. तेलात बुडवलेली वात भांड्याच्या काठावरून खाली लोंबू दिली की गळते, तसं.
म्हणून तपासाचा क्रम असा: आधी निचऱ्यातल्या पाण्याची आणि गळतीच्या जागेची पातळी मोजायची. मग निचऱ्यात खाण्याचा हिरवा रंग टाकायचा. सिमेंटमधून यायला तास नाही, दिवस लागू शकतात, आणि काही रंग गाळ आणि सिमेंट शोषून घेतात. तेव्हा रंग आला नाही म्हणून स्रोत वेगळा, असं लगेच ठरवू नये. शेवटी निचरा मोकळा करून गळती थांबते का पाहायचं. हेच सर्वांत भक्कम. आणि तोवर ते पाणी कुणी पिऊ नये, एवढं सांगायला ना आस्तिक व्हावं लागतं ना नास्तिक.

कलमबहाद्दर
२९५-अ हे १९२७ चं कलम. 'हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूने' धर्मभावना दुखावणं सिद्ध व्हावं लागतं. १९५७ च्या रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं ते याच अटीकडे बोट दाखवून. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. मेख अशी की न्यायालयाला दखल घ्यायला सरकारची मंजुरी लागते, पण गुन्हा नोंदवायला आणि अटकेला लागत नाही. त्यात अजामीनपात्र. खटला उभा राहो न राहो, त्रास पहिल्या दिवसापासून सुरू. आता हेच भारतीय न्याय संहितेत कलम २९९ आहे.

निरीश्वर
सगळे इतके समजूतदारपणे बोलताय, म्हणून मी उलट बोलतो. धोका आहे, आणि तो असायलाच हवा. ख्रिस्ती धर्माने स्वतःला इतिहासाशी बांधून घेतलंय. चर्चमध्ये म्हणतात त्या श्रद्धेच्या अंगीकारात (विश्वासाच्या जाहीरनाम्यात) एका रोमन सुभेदाराचं, पोंतिय पिलाताचं, नाव आहे! आद्य प्रचारक पौल तर करिंथच्या ख्रिस्ती मंडळींना (करिंथकरांना) पत्रात स्पष्टच लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. म्हणजे तपासता येईल असा दावा.
आता तपासा. मार्ककृत शुभवर्तमानाच्या (बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या) १६ व्या अध्यायातल्या ९ ते २० या ओव्या सिनाई आणि व्हॅटिकन या बायबलच्या चौथ्या शतकातल्या दोन्ही हस्तलिखितांत नाहीत. तिथे शुभवर्तमान संपतं आठव्या ओवीवर: बायका थडग्यापासून घाबरून पळतात, कुणाला काही सांगत नाहीत. उठलेला येशू कुणाला दिसल्याचा प्रसंगच नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातलं (५:७) त्रैक्याचं (पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे एकच, असं) वाक्यही मागाहून घुसलेलं.

पोथीवाला
निरीश्वर, माहिती बरोबर, पण ही शोधली कुणी? इरॅस्मसने. कॅथलिक धर्मगुरू. १५१६ आणि १५१९ च्या ग्रीक आवृत्त्यांत त्याने ते त्रैक्याचं वाक्य घेतलं नाही, कारण त्याच्या हातातल्या ग्रीक पोथ्यांत ते नव्हतं. ओरड झाली, ते असलेली एक पोथी पुढे आली, आणि १५२२ मध्ये त्याने ते घातलं. सिनाईची पोथी जगापुढे आणणारा टिशेनडोर्फ हा श्रद्धाळू ल्यूथरपंथी. येशूचं म्हणून पूजल्या जाणाऱ्या तुरिनच्या कफनाचं तेच: १३८९ मध्ये त्रुआचे बिशप पिएर दार्सी यांनीच पोपला कळवलं की हे चितारलेलं आहे. १९८८ मध्ये चर्चने स्वतः कापडाचा तुकडा कापून ऑक्सफर्ड, झुरिक आणि टूसॉन इथल्या तीन प्रयोगशाळांना दिला. काळ निघाला १२६० ते १३९०. त्यानंतर तुरिनची चर्च बंद पडली नाहीत.
आणि मार्कचं शेपूट कापलं तरी पुनरुत्थानाचा दावा कापला जात नाही. तुम्ही ज्या करिंथकरांच्या पत्राचा दाखला दिलात, त्याच १५ व्या अध्यायात येशू कुणाकुणाला दिसला याची यादी आहे, आणि ते पत्र मार्कच्या आधीचं, क्रूसानंतर साधारण वीसेक वर्षांचं. खरा वाद त्या यादीवर घाला. तिथे मलाही सोपं उत्तर नाही.

निरीश्वर
यादीतल्या एकाचंच, म्हणजे पौलाचं, स्वतःच्या हातचं निवेदन आहे, बाकी ऐकीव. पण ते राहू द्या. 'चर्च स्वतःच तपासतं' हे जरा जास्तच गोड चित्र आहे. संतपदाच्या चौकशीत विरोधी बाजू मांडणारा अधिकारी, लोकांच्या भाषेत सैतानाचा वकील, १५८७ पासून होता. १९८३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याचे दात काढले आणि मग स्वतःच्या कारकिर्दीत ४८२ संत केले. मदर तेरेसांच्या पहिल्या चमत्कारात बंगालमधल्या बाईंच्या पोटातली गाठ लॉकेटने गेली म्हणतात. बालुरघाटच्या सरकारी डॉक्टरांचं म्हणणं, क्षयाच्या औषधांनी गेली. तरी २००३ मध्ये धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित.

वसईचा वारा
त्या प्रकरणात औषधं चालू होती हा मुद्दा मला खोडता येत नाही. पण नियम नंतर घट्ट झालेत: २०१६ पासून चमत्कार तपासणाऱ्या व्हॅटिकनच्या वैद्यकीय मंडळात सातपैकी पाच मतं लागतात, एकच प्रकरण तीनपेक्षा जास्त वेळा पुढे आणता येत नाही, तज्ज्ञांचं मानधन बँकेमार्फतच. फ्रान्समधल्या लुर्द या तीर्थक्षेत्री तर १८८३ पासून वैद्यकीय कचेरी आहे. निदान पक्कं, आजार गंभीर, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ, उपचाराने झालेलं नाही, एवढ्या चाळण्या. सात हजारांवर दावे, मान्य सत्तरच्या आसपास.

बर्लिनकर
तुम्ही चमत्कारांवर भांडताय. इथे लोक चर्च सोडतात ते वेगळ्याच कारणांनी. जर्मनीत चर्चचा सभासद असाल तर आयकराच्या ९ टक्के (बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८) चर्चकर पगारातूनच कापला जातो. थांबवायचा तर राज्यानुसार न्यायालयात किंवा नोंदणी कचेरीत ओळखपत्र घेऊन जायचं, सही करायची, बऱ्याच राज्यांत ३० युरोच्या आसपास शुल्क भरायचं. २०१२ च्या बिशपांच्या हुकमानुसार असा माणूस संस्कारांना मुकतो. तरी २०२२ या एका वर्षात ५ लाख २२ हजारांवर कॅथलिकांनी सही केली.
कारण नास्तिक लेखक डॉकिन्स? छे. मुलांच्या लैंगिक शोषणावरचा २०१८ चा अहवाल आला: १९४६ ते २०१४ दरम्यान १,६७० धर्मगुरूंवर आरोप, ३,६७७ बळी, आणि कागदपत्रांत फेरफार केल्याच्या खुणा. पुढे एकेका धर्मप्रांताचे अहवाल निघाले. ते प्रश्न बळींनी, पत्रकारांनी, वकिलांनी विचारले, आणि त्यातले कितीतरी जण दर रविवारी मिस्साला जाणारे.

कातळ (धागाकर्ता)
म्हणजे माझंच म्हणणं झालं की, बर्लिनकर. नास्तिकांचा धोका नाही.

बर्लिनकर
नाही झालं. पूर्व जर्मनीत नास्तिक राजवटीने चर्च खरोखर रिकामी केली, आजही तिथे बहुसंख्य लोक कुठल्याच चर्चचे नाहीत. पण ते प्रश्न विचारून नव्हे. १९५४ पासून त्यांनी चौदाव्या वर्षीच्या दृढीकरण या चर्चच्या संस्काराला पर्याय म्हणून 'युगेंडवाइहे' हा सरकारी समारंभ आणला. फुलं, शपथ, भेट म्हणून पुस्तक, घरी पाहुणे. नाकारणाऱ्याचा पुढच्या शिक्षणाचा रस्ता अडायचा. शेजारी पोलंडमध्ये सरकार नास्तिकच, पण तिथे चर्च सरकारविरोधाचं घर बनलं आणि भरलेलं राहिलं.

निरीश्वर
जबरदस्तीचं श्रेय आमच्या खात्यावर नको. बाकी मान्य.

ओलावा
इर्ल्याचा साठा कुठल्या पातळीवर होता, याचं मोजमाप कुणाकडे असेल तर टाका. बाकीचं नंतर बोलू.