पाणलोटाचा कारभार खोऱ्यातल्या गावांच्या हाती द्यावा का?

ओढेकाठी
राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार या पाणी अडवण्याच्या योजनेवर ९,६०० कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल पातळीत फारसा फरक पडला नाही, असा ताशेरा सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने २०२० मध्ये मारला. मला त्याचं नवल वाटलं नाही. पोकलेन लावून नाला खोल केला, बिलं निघाली, गावाला विचारलं कुणी? एका खोऱ्यातल्या गावांनीच डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याचा आराखडा करावा, सरकारने पैसा आणि तांत्रिक सल्ला द्यावा. राजस्थानात अलवरच्या अरवरी खोऱ्यात तरुण भारत संघ या संस्थेच्या साथीने गावांनी जोहड, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारे मातीचे बांध, बांधले, आटलेली नदी पुन्हा वाहती झाली. १९९९ पासून सत्तरेक गावांची 'अरवरी संसद' पाण्याचे नियम ठरवू लागली. होळीनंतर नदीतून उपसा बंद!

कोरडवाहू
असहमत. त्या संसदेला कायद्याचा आधार नाही, नियम मोडणाऱ्याचं काय करणार? आमच्याकडे वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेच्या वर्षी लोकांनी ए-फ्रेमने (समान उंची शोधायच्या लाकडी चौकटीने) आखणी करून माळावर पाणी मुरवायला उताराला आडवे समपातळी चर खणले. पावसाळ्यात विहिरी भरल्या, आणि दिवाळी झाली न झाली तोच बोअरच्या गाड्या शिवारात. आता प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी. शेततळं म्हणे वाहून जाणारं पावसाचं पाणी धरायला! इथे डिसेंबरात विहिरीला मोटार लावून तळं भरतात. ज्याचं आधी भरेल त्याची डाळिंबं जगतात, बरंच पाणी उन्हाने उडून जातं. चर खणणाऱ्यांच्या वस्तीवर मार्चपासून टँकर.

वाटाड्या
नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने हाच उपसा रोखला की. शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद, त्यावरून पिकं.

कोरडवाहू
एक गाव, तिथलं काम उभं करणाऱ्या पोपटराव पवारांसारखा माणूस आणि तीसेक वर्षं. खोऱ्यात वीस गावं, वीस सरपंच, चार पक्ष. वरच्याने अडवलं की खालचा बोंबलतो.

मेंढवाडा
चराईबंदीचं कुणीच बोलत नाही. जर्मनीच्या मदतीने चाललेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमापासून कुऱ्हाडबंदी, चराईबंदी ही पहिली अट. बागायतदाराच्या मोटारीला अट नाही, मेंढराला आहे. 'गावाने ठरवलं' म्हणजे ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी ठरवलं.

ओढेकाठी
हिवऱ्यात गवत विळ्याने कापून नेता येतं. त्यावर तर दूध वाढलं.

मेंढवाडा
गाय गोठ्यात बांधता येते, दादा. शंभर मेंढरं कुठे बांधू?

नियमावली
दोन्हीकडून टोकाचं चाललंय. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यातच पाणलोटनिहाय समित्यांची तरतूद आहे. नाशिकच्या वाघाड प्रकल्पात शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था पाणी मोजून घेतात, मोजून वाटतात, आणि पाठीशी २००५ चा सिंचन व्यवस्थापन कायदा आहे. गावांनी ठरवावं, मोडणाऱ्याला दंड सरकारने करावा.

कोरडवाहू
वाघाडला कालवा आहे, दार बंद करता येतं. जमिनीखालच्या पाण्याला दार कुठलं? तरी दंडाच्या मुद्द्याला +१.

मेंढवाडा
करा समिती. पण त्यात भूमिहीन आणि मेंढपाळ घ्या, आणि पहिल्या बैठकीत चराईच्या आधी शेततळ्याच्या मोटारींचा विषय घ्या. किती बागायतदार येतात ते इथे लिहा.